पांगुळगाड्याच्या अलीकडे

पांगुळगाडा हा मराठी घरातला बहुधा सगळ्यात जुना वॉकर. तीन लाकडी चाकं, वर आडवी दांडी. ती धरायची, गाडा ढकलायचा आणि त्याच्यामागे चालायचं. मूल धरून उभं राहू लागलं की आजोबा गावच्या सुताराला सांगून ठेवत. पण त्या दांडीपर्यंत पोचायलाच अंगात बरंच काही जमून यावं लागतं. मान सावरायला हवी, आधाराशिवाय बसता यायला हवं, टाचा जमिनीला टेकायला हव्यात, मूठ आपण होऊन उघडायला हवी आणि दांडीभोवती मिटायलाही हवी. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचं यातलं एखादं किंवा सगळंच अडतं. त्याच्यासाठीची साधनं आणि व्यायाम पांगुळगाड्याच्या पुष्कळ अलीकडून सुरू होतात.

या साधनांकडे मुंबई-पुण्याच्या थेरपी सेंटरमधून पाहिलं तर एक चित्र दिसतं, आणि सिद्धेश्वरहून पाहिलं तर दुसरंच. औंढा नागनाथ तालुक्यातलं हे गाव पूर्णा नदीवरच्या धरणामुळे लोकांना ठाऊक आहे. वर येलदरी, खाली सिद्धेश्वर. या जोडीच्या पाण्यावर परभणी, हिंगोली, नांदेडची शेतं भिजतात. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्याआधी सगळा कारभार परभणीहून चाले. इथल्या मुलाला आठवड्यातून तीनदा थेरपी सांगितली, तर दर खेपेला कुणाची तरी एक मजुरी बुडते, एसटीची वाट पाहावी लागते आणि ताठ पायांचं, दिवसागणिक जड होणारं मूल उचलून चढावं-उतरावं लागतं. म्हणून एखादं तंत्र चांगलं की वाईट, एवढ्यावर इथला हिशेब मिटत नाही. ते घरच्या ओसरीवर रोज होईल का आणि महिन्या-दोन महिन्यांनी ते तपासायला कुणी येईल का, हेही त्यात धरावं लागतं.

गावाकडे अशा मुलाला अजून सर्रास ‘पोलिओ झालाय’ म्हणतात. भारतात पोलिओच्या रानटी विषाणूचा शेवटचा रुग्ण आढळला जानेवारी २०११ मध्ये, हावडा जिल्ह्यात. मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यानंतर जन्मलेल्या मुलाला पोलिओ म्हणत राहण्याचा तोटा असा, की उपाय चुकीच्या वाटेनं शोधले जातात. पोलिओत मज्जारज्जूतल्या पेशी जातात आणि पाय लुळा पडतो. सेरेब्रल पाल्सीत मेंदूतून सुटणारा हुकूमच बिघडलेला असतो. बहुतेक मुलांचे स्नायू ताठ होतात. मांड्या आत ओढल्या जाऊन पायांची कैची होते, टाचा उचललेल्या राहतात, अंगठा मुठीत अडकतो. काहींचं अंग सतत वळवळतं आणि धरू पाहिलेली वाटी हातून निसटते. नवजात बाळाची कावीळ वेळेत न उतरल्यानं मेंदूला इजा झाली तर हा प्रकार दिसतो.

आई सांगते ते ठरलेलं असतं : ‘जन्मल्यावर रडलं नाही’, ‘पेटीत ठेवलं होतं’, ‘सातव्यातच झालं’. या तीन वाक्यांत डॉक्टरांना हवा असलेला बराचसा इतिहास येतो. विल्यम जॉन लिटल या लंडनच्या शल्यवैद्यानं १८६१ मध्ये अडलेलं बाळंतपण आणि मुलाचं पुढचं ताठरपण यांचा संबंध मांडला; कित्येक वर्षं या विकाराला ‘लिटलचा आजार’ म्हणत. १८९७ मध्ये त्याला हरकत घेतली ती सिग्मंड फ्रॉइडनं. हा तोच, स्वप्नांचा अर्थ लावणारा. त्याआधी तो मुलांच्या मेंदूविकारांचा अभ्यासक होता. बाळंतपण अडलं म्हणून मेंदू बिघडला असंच नेहमी नसतं, गर्भातच काही बिघडलेलं असल्यामुळेही बाळंतपण अडू शकतं, असं त्याचं म्हणणं. आज दोघांनाही थोडं थोडं बरोबर मानतात. सासरी मात्र अजून लिटलचाच पक्ष चालतो, आणि दोष सुईण, दवाखाना किंवा सुनेच्या वाट्याला जातो.

भारतात हजार मुलांमागे साधारण तिघांना हा त्रास असतो. मेंदूतली इजा पुढे वाढत नाही, पण हाडं वाढत जातात आणि ताठ स्नायू त्या वेगानं लांब होत नाहीत. दोन वर्षांचं असताना हातानं सहज सरळ होणारं पाऊल आठव्या वर्षी अडून बसतं. थेरपीची सगळी धडपड या वाढीशी असते. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ६५७ मुलांची वाढ मोजली गेली. २००२ मध्ये आलेले त्या मोजणीचे निष्कर्ष असे, की बसणं-चालणं यांत मूल जेवढी मजल मारू शकतं, त्यातली नव्वद टक्के ते पाचव्या वर्षाच्या आतच मारतं. सर्वांत तीव्र त्रास असलेल्यांची वाढ तर तिसऱ्या वर्षाच्या आधीच मंदावते. ‘मोठं झालं की चालेल’ हे थोरल्यांचं आश्वासन म्हणूनच महागात पडतं. आणखी एक खूण : वर्षाच्या आतलं बाळ प्रत्येक वस्तू एकाच हातानं घेत असेल तर डावखुरं म्हणून कौतुक करत बसू नये, दाखवून घ्यावं. त्या वयात हात ठरलेला नसतो. दुसऱ्या हाताचं काहीतरी अडलेलं असतं.

विसाव्या शतकात या मुलांसाठी मोठमोठी घराणी निघाली. गाण्यातल्यासारखीच, गुरू, गंडा आणि दुसऱ्या घराण्याबद्दल जरा नाराजी. लंडनमध्ये बर्टा आणि कारेल बोबाथ या निर्वासित जोडप्यानं मुलाच्या अंगावर ठरावीक ठिकाणी हात ठेवून चुकीची ढब रोखायची आणि बरोबर हालचाल जागवायची, अशी पद्धत बांधली. भारतातल्या फिजिओथेरपिस्टांच्या किमान दोन पिढ्या तिच्यावर वाढल्या. चेक डॉक्टर वाच्लाव वोयटा यांनी शरीरावरचे ठरावीक बिंदू दाबून रांगण्याच्या प्रतिक्षिप्त हालचाली उठवल्या. बुडापेस्टमध्ये आंद्राश पेटो यांनी थेरपी आणि शाळा एकत्र केली. मुलं गटानं, तालावर बोलत, लाकडी फळ्यांच्या पलंगाला धरून उठायला-बसायला शिकत.

नंतर मोजमापाचा काळ आला. ऑस्ट्रेलियाच्या आयोना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ६४ उपचारांचे पुरावे तपासून प्रत्येकाला सिग्नलचा रंग दिला : हिरवा, पिवळा, लाल. बोबाथ पद्धतीच्या जुन्या, हातांनी सुधारणा घडवण्याच्या रूपाला हिरवा मिळाला नाही. नुसतं धरून ताणण्याचं फळही फार टिकत नाही असं दिसलं. ज्या घरात सकाळ-संध्याकाळ तेल लावून पाय ओढणं म्हणजेच ‘व्यायाम’, तिथं ही बातमी कडू आहे. मालिश वाईट नाही. तिनं मूल सुखावतं, आईचा हात त्याच्या अंगावर फिरतो. पण तिनं मूल चमचा धरायला शिकत नाही.

हिरवा रंग मिळाला तो मुलाला हव्या असलेल्या कामाच्या सरावाला. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना निघाल्या, त्यांचा गाभाही हाच : लक्ष्य मुलानं आणि घरच्यांनी ठरवायचं, ते अख्खं काम ते जिथं करायचं तिथंच करून बघायचं, भरपूर वेळा करायचं आणि मुलाला त्यात मजा यायला हवी. पाटावरून उठायचं असेल तर पाटावरूनच उठायचा सराव. आधी पाट उंच, मग तो सूत-सूत खाली. एका बाजूचा हात अडलेल्या मुलांसाठीचा उपाय तर फारच सोपा दिसतो : चांगल्या हातावर रोज काही वेळ हातमोजा चढवायचा आणि अडलेल्या हाताला कामाला लावायचं. त्याचं मूळ अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांच्या प्रयोगांत आहे. मूल चिडतं, मोजा दातानं ओढतं. म्हणून शेंगा फोडणं किंवा चिंचोके डब्यात टाकणं असा खेळ लावूनच तो चढवावा लागतो, आणि थेरपिस्टनं घालून दिलेल्या वेळेतच.

एक नेहमीची चूक इथं नोंदवायला हवी. मिटलेली मूठ उघडायला घरचे बोटं धरून ओढतात. जितकं ओढावं तितकी ती घट्ट होते. मनगट आधी हळूच तळव्याच्या बाजूला वाकवलं तर बोटांवरचा ताण सुटतो आणि ती सैल पडतात. मग अंगठा टोकाला न धरता त्याच्या बुडाशी धरून बाहेर काढायचा. कपड्यांचंही तसंच : अडलेला हात बाहीत आधी घालायचा आणि काढताना शेवटी काढायचा. या गोष्टी कुठल्या यंत्राच्या माहितीपत्रात नसतात. नॅन्सी फिनी या ब्रिटिश थेरपिस्टनं १९६८ मध्ये अशाच घरगुती हाताळणीवर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि ते जगभर वापरलं गेलं.

आपल्याकडचं कडेवर घेणं तर या शास्त्राच्या कसोटीला चांगलंच उतरतं. कैचीचे पाय असलेल्या मुलाला दोन्ही पाय जुळवून आडवं उचललं तर ताठपणा वाढतो. कडेवर बसवलं की मांड्या आपोआप फाकतात, पाठ सरळ राहते, हात पुढे येतात आणि मूल गल्ली बघत जातं. मागे रेलून कमान टाकणाऱ्या मुलाला थोडा वेळ झोळीत ठेवलं तर अंग गोल होऊन सैल पडतं. दिवसभर ठेवलं तर मात्र मान आणि पाठ काहीच शिकत नाहीत. बैठकीतला लोड पोटाखाली घेतला की हातांवर भार देण्याचा सराव होतो. सेंटरमध्ये त्यालाच रेग्झिनचं आवरण घालून बोल्स्टर म्हणतात आणि किंमत बदलते.

खरी मेहनत घ्यायची ती खुर्चीवर. ज्याला बसता येत नाही ते मूल दिवसभर आडवं असतं, आढ्याकडे बघत. त्याला आडवंच भरवतात, ठसका लागतो, अन्न श्वासनलिकेत जातं आणि छातीचं दुखणं मागे लागतं. नीट बसवलेल्या मुलाचं गिळणं, बघणं, हात वापरणं एकदम सुधारू शकतं. माप घ्यायचं असं : मुलाला कडक बाकावर बसवून कुल्ल्यामागून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंत मोजायचं आणि त्यातून दोन बोटं वजा करायची, ती बैठकीची खोली. बैठक त्याहून लांब केली तर मूल घसरत पुढे येतं आणि पाठीची पन्हळ होते. कंबर, गुडघे आणि घोटे तिन्ही ठिकाणी काटकोन. पाय लोंबकळता कामा नयेत, खाली पाट हवाच. पट्टा पोटावर बांधायचा नाही. तो मांड्या आणि कमरेच्या सांध्यावर, खाली ओढणारा हवा. खांदे मागे ओढणाऱ्या मुलासाठी कोपरा-खुर्ची असते, तिच्या दोन्ही बाजू खांदे पुढे आणतात. ती बनवण्याआधी घराच्या भिंतींच्या कोपऱ्यात गोधडीची घडी घालून मुलाला बसवून पाहता येतं. जमतंय असं दिसलं तर प्लायवुडला हात घालायचा.

मेक्सिकोतल्या आखोया नावाच्या डोंगराळ खेड्यात डेव्हिड वर्नर आणि तिथल्या अपंग कार्यकर्त्यांनी नेमकं हेच वर्षानुवर्षं केलं. १९८७ मध्ये निघालेल्या त्यांच्या जाडजूड, चित्रांनी भरलेल्या ‘डिसेबल्ड व्हिलेज चिल्ड्रेन’ या पुस्तकात फांद्या, जुने टायर, दोऱ्या यांची साधनं आहेत. झिम्बाब्वेत बेव्हिल पॅकर यांनी रद्दी आणि पिठाच्या खळीचे थर चढवून माणूस बसेल इतक्या मजबूत खुर्च्या केल्या. सुतार आणि खळ ज्या गावात आहेत, तिथं हे परकं वाटण्याचं कारण नाही.

उभं करण्याचंही तंत्र आहे. स्वतः उभं न राहू शकणाऱ्या मुलाला छाती, कंबर आणि गुडघ्यांशी आधार देणाऱ्या चौकटीत, म्हणजे स्टँडिंग फ्रेममध्ये, उभं करतात. आठवड्यातून पाच दिवस, रोज पाऊण ते दीड तास उभं केलं तर हाडांची घनता आणि सांध्यांची लवचीकता यांना फायदा होतो, खुब्यांसाठी पाय फाकवून उभं करावं, असं २०१३ चा एक आढावा सांगतो. दीड तास ऐकायला मोठा वाटतो, पण चौकटीला पुढे फळी लावली की त्यावर जेवण, पाटी, पीठ मळायचा खेळ असं काहीही होतं. गुडघे वाकत असतील तर कापडी गेटर बांधतात, आत पट्ट्या असलेले.

चालायच्या वळणावर पांगुळगाडा परत येतो. पुढे ढकलायच्या गाड्यात ताठ पायांचं मूल ओणवं होतं, आणि गाडा त्याच्याआधी पळतो. पळ रोखायला त्यावर वाळूची पिशवी ठेवतात. ओणवेपणासाठी मात्र मुलाच्या मागून येणारा वॉकर बरा. तो ओढत चालताना पाठ सरळ राहते. गोल, मध्ये सीट असलेला, बाजारातला प्लास्टिकचा वॉकर मात्र या मुलांना नकोच. त्यात लटकून मूल चवड्यांवर ढकलत राहतं आणि नेमकी टाच वर ठेवायचीच सवय पक्की होते. कॅनडानं २००४ मध्ये अपघातांमुळे त्याच्या विक्रीवरच बंदी घातली.

पायातला बूट, म्हणजे घोटा काटकोनात धरणारा प्लास्टिकचा एएफओ, हे बहुतेक घरांत पोचलेलं आणि बहुतेक घरांत कपाटावर पडलेलं साधन. कारण तो घालताना मूल रडतं. गुडघा आणि खुबा आधी वाकवला तर पाऊल सैल पडतं. मग टाच अगदी तळाला बसवायची आणि घोट्यावरचा पट्टा पहिला आवळायचा. काढल्यावर उमटलेली लाली अर्ध्या तासात गेली नाही तर बूट परत दाखवायचा, आणखी घट्ट बांधायचा नाही. आणि मूल वाढतं. शिबिरात माप घेतलं आणि सामान हाती येईतो हंगाम उलटला, तर बूट एक बोट आखूड निघतो. या अनुभवाचे पालक जिल्ह्याजिल्ह्यांत भेटतात.

बाहेरून न दिसणारी अडचण खुब्याची. न चालणाऱ्या मुलांत ताठ स्नायू मांडीचं हाड हळूहळू खोबणीबाहेर ओढतात. ऑस्ट्रेलियातल्या २००६ च्या अभ्यासात सरासरी तिघांपैकी एका मुलात आणि सर्वांत तीव्र गटात सुमारे ९० टक्के मुलांत असं सरकणं आढळलं. सुरुवातीला दुखत नाही. म्हणून ठरावीक काळानं एक्स-रे काढावा लागतो. महागड्या यंत्रापेक्षा हा साधा एक्स-रे कितीतरी मोलाचा.

बोट्युलिनम विषाचं इंजेक्शन ताठ पोटरीला तीन-चार महिने सैल करतं आणि त्या मुदतीत सराव करून घ्यायचा असतो. सराव नसेल तर पैसे पोटरीतच विरतात. पुढे शस्त्रक्रियाही लागतात आणि चांगल्या हातांत त्या उपयोगी पडतात. पण निराश आईबापांभोवती दुसराच बाजार भरलेला असतो. दाबाच्या पेटीतल्या ऑक्सिजनचं घ्या. कॅनडातच क्युबेकमध्ये १११ मुलांवर चाचणी झाली. एका गटाला दाबाखाली ऑक्सिजन, दुसऱ्याला जेमतेम दाबाची साधी हवा. दोन्ही गट सारखेच सुधारले; २००१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. स्टेम सेलबाबत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलं आहे, की रक्ताचे काही आजार सोडले तर हे अजून प्रयोगच आहेत आणि मान्य चाचणीबाहेर ते विकता येत नाहीत. तरी त्यासाठी शेत गहाण पडतं.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा जुनी आहे. मुंबईच्या हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी, लेक मालिनीला इथं शाळा मिळेना म्हणून, स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. आज ती ‘अडॅप्ट’ या नावानं चालते. मालिनी चिब यांनी पुढे एका बोटानं टाइप करून आत्मचरित्र लिहिलं, ‘वन लिटल फिंगर’. मराठवाड्यात लातूरजवळ हरंगुळला संवेदना सेरेब्रल पाल्सी विकसन केंद्र आहे. हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं.

कागदावर तरतुदी कमी नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभच फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला झाला. त्याच्या फिरत्या पथकानं अंगणवाडीतलं प्रत्येक मूल वर्षातून दोनदा तपासायचं आणि मागे पडलेलं मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं, जिथं फिजिओथेरपिस्ट असणं अपेक्षित आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सी नावानिशी आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विम्यात एक लाखापर्यंतच्या खर्चात थेरपीही धरतात. साधनांसाठी केंद्राची ‘अ‍ॅडिप’ योजना आहे. कच्चा दुवा मधला आहे : अंगणवाडीतून निघालेली चिठ्ठी थेरपिस्टपर्यंत पोचते का आणि थेरपिस्टची नजर परत घरापर्यंत येते का. दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याच्या मुलाची फाइल सहा महिने बंदच असते. फडावरच्या कोपीत स्टँडिंग फ्रेम नेता येत नाही.

घरच्या घरी थेरपी हा शब्द बोलायला गोड आहे आणि त्याचा सगळा भार आईवर पडतो, हेही सांगून टाकावं. पाणी, चूल, शेत, बाकीची पोरं आणि वर दीड तास उभं करणं. दक्षिण आफ्रिकेत सुरू होऊन बांगलादेशातही राबवलेल्या पालक-प्रशिक्षणात आया महिन्याकाठी एकत्र बसतात, एकमेकींच्या मुलांना धरून शिकतात, रडतात, हसतात. गावच्या बचतगटाच्या बैठकीशी याचं बरंच जुळतं. आशाताईंच्या पिशवीत वजनकाट्याशेजारी खुर्चीच्या मापांचा एक कागद असायला काही मोठा खर्च येणार नाही.

बाकी काम सुताराचं. खुर्चीच्या पाय ठेवायच्या फळीसाठी दोन्ही बाजूंनी बोटाबोटाच्या अंतरावर पाच-सहा भोकं आधीच पाडून ठेवायला सांगायचं. मूल वाढलं, गुडघे बैठकीपेक्षा वर येऊ लागले, की दोन बोल्ट काढायचे आणि फळी एक भोक खाली बसवायची.